पहिल्या हजार संचांचा हिशेब

माझ्याकडे शंभर पानी एक जुनी वही आहे. तिच्यात १६३ नावं आहेत. १९९७ सालच्या उन्हाळ्यात या १६३ जणांनी मला प्रत्येकी १२० रुपये आगाऊ दिले. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर बेतलेला एक पटावरचा खेळ मी स्वतःच काढणार होतो. पट, पत्ते, फासे, सोंगट्या आणि डबा मिळून संचामागे ८५ रुपये खर्च येईल, असा अंदाज होता. ३०० संच काढायचे ठरले, म्हणजे २५,५०० रुपये. हातात आले होते १९,५६०. उरलेले विक्रीतून निघतील, असं मी धरून चाललो होतो.

पावसाळ्यात खळ नीट न वाळल्यामुळे चाळीस पट वाकले. ते पुन्हा करून घेण्यात १,५२० रुपये गेले. बाहेरगावच्या नव्वद जणांना डबे पाठवायचे होते. बांधणी आणि टपाल मिळून प्रत्येकी २६ रुपये पडले, एकूण २,३४०. हा खर्च मी अंदाजात धरलाच नव्हता. दुकानांतून ५१ संच गेले. कमिशन वजा जाऊन एका संचाचे ८४ रुपये हातात आले. शेवटची बेरीज अशी झाली: खर्च २९,३६०, जमा २३,८४४, तोटा ५,५१६. ही रक्कम माझ्या तेव्हाच्या सव्वा महिन्याच्या पगाराएवढी होती. उरलेले ८६ डबे माळ्यावर गेले.

पुढे बैठ्या खेळांचा इतिहास वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की माझी चूक अगदी सर्वसामान्य होती. गेल्या सव्वाशे वर्षांत ज्यांनी ज्यांनी स्वतःच्या बळावर खेळ काढला, त्या बहुतेकांना एकाच प्रश्नाने गाठलं आहे. पहिल्या हजार संचांचा तोटा कोणी सोसायचा? खेळ काढणाऱ्याने, भागीदाराने, की तो विकत घेणाऱ्याने? आज ‘क्राउडफंडिंग’ या नावाने जी लोकवर्गणी चालते, तिने हा प्रश्न सोडवला अशी समजूत आहे. माझ्या मते तिने तो सोडवला नाही. तिने तोट्याचं ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर नेलं.

स्वतःचा खिसा

सुरुवात एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंपासून करावी लागते. जमिनीच्या भाड्यावर जगणारे श्रीमंत कसे होतात आणि बाकीचे कसे खंगतात, हे लोकांना खेळातून कळावं म्हणून त्यांनी ‘लँडलॉर्ड्स गेम’ रचला आणि १९०४ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. हेन्री जॉर्ज या अर्थचिंतकाच्या जमीन-कराच्या विचाराच्या त्या पुरस्कर्त्या होत्या. १९०६ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या ‘इकॉनॉमिक गेम कंपनी’ने हा खेळ काढला. तो फार खपला नाही, पण हाताने नकला करून घरोघर खेळला जाऊ लागला. त्यातूनच पुढे ‘मोनोपॉली’ आला. चार्ल्स डॅरो या फिलाडेल्फियाच्या गृहस्थाने मंदीच्या काळात त्याचे संच आधी घरी बनवले, मग छापून घेतले आणि वॉनामेकर्स या मोठ्या दुकानात ठेवले. तिथे ते खपले. १९३४ मध्ये नकार देणाऱ्या पार्कर ब्रदर्स कंपनीने १९३५ मध्ये डॅरोकडून हक्क घेतले. आपला दावा पक्का करण्यासाठी त्याच वर्षी मॅगीबाईंचंही पेटंट विकत घेतलं. डॅरोला प्रत्येक संचामागे मानधन मिळालं आणि तो श्रीमंत झाला. मॅगीबाईंना एकरकमी ५०० डॉलर मिळाले, मानधन नाही.

ही गोष्ट सहसा अन्यायाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण हिशेबाच्या अंगाने पाहिलं तर आणखी एक दिसतं. कंपनीने खेळ विकत घेतला तो बाजारातली परीक्षा उरकल्यानंतर. त्या परीक्षेची फी डॅरोने स्वतः भरली होती.

ही फी किती असते, याचा नेमका आकडा ‘स्क्रॅबल’च्या इतिहासात सापडतो. आल्फ्रेड बट्स हे न्यूयॉर्कचे वास्तुविशारद. मंदीत नोकरी गेल्यावर त्यांनी शब्दांचा खेळ रचला. वर्तमानपत्राच्या पानावर कोणतं अक्षर किती वेळा येतं, हे मोजून त्यांनी अक्षरांची संख्या आणि गुण ठरवले. कंपन्यांनी खेळ नाकारला. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो या त्यांच्या परिचिताने, प्रत्येक संचामागे बट्सना काही रक्कम द्यायची या बोलीवर, तो बनवण्याचा हक्क घेतला. कनेक्टिकटमधल्या आपल्या घरी, आणि नंतर एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत, ब्रुनो आणि त्यांची मंडळी लाकडी तुकड्यांवर अक्षरं उमटवत बसत. तासाला बारा संच तयार होत. १९४९ मध्ये त्यांनी २,४०० संच बनवले आणि वर्षाअखेर ४५० डॉलरचा तोटा झाला.

भागाकार करून पाहा. संचामागे जवळपास १९ सेंट तोटा. म्हणजे खेळ लोकांना आवडत नव्हता असं नाही. तो आवडणाऱ्या प्रत्येक माणसामागे ब्रुनो १९ सेंट पदरचे घालत होते. थोड्या संख्येने बनवलेली वस्तू महाग पडते, आणि महाग विकली तर खपत नाही. दोन-तीन वर्षं हे असंच चाललं. मग १९५२ च्या सुमारास मेसीज या प्रचंड दुकानाच्या प्रमुखाने सुटीत हा खेळ पाहिला. आपल्याच दुकानात तो नाही म्हणून त्याने मागणी नोंदवली, आणि मागणी इतकी वाढली की ब्रुनोंना ती झेपेना. त्यांनी सेल्चो अँड रायटर या कंपनीला उत्पादनाचा परवाना दिला. हा खेळ पूर्वी नाकारणाऱ्यांत हीच कंपनी होती. ब्रुनो तगले, कारण ती दोन-तीन वर्षं तोटा सोसण्याएवढी त्यांची ऐपत होती. ज्यांची नव्हती त्यांचे खेळ इतिहासात आलेच नाहीत.

बत्तीस भागीदार

पुढची गोष्ट कॅनडातली, आणि योगायोगाने तीही स्क्रॅबलपासूनच सुरू होते. १५ डिसेंबर १९७९ रोजी माँट्रियलमध्ये ख्रिस हेनी आणि स्कॉट अ‍ॅबट हे दोन पत्रकार स्क्रॅबल खेळायला बसले. पाहतात तो संचातली काही अक्षरं हरवलेली. मग आपणच एखादा खेळ का काढू नये, असं बोलणं निघालं आणि ‘ट्रिव्हियल पर्सूट’ची, म्हणजे सामान्यज्ञानाच्या प्रश्नांच्या खेळाची कल्पना जन्माला आली.

दोघांकडे पैसा नव्हता. हेनीचा भाऊ जॉन आणि वकील मित्र एड वर्नर यांना घेऊन त्यांनी ‘हॉर्न अ‍ॅबट’ नावाची कंपनी काढली आणि ओळखीपाळखीच्यांना भाग विकायला सुरुवात केली. वर्तमानपत्राच्या कचेरीतले सहकारी, मित्र, नातेवाईक असे ३२ जण तयार झाले. त्यांच्याकडून ४०,००० डॉलर उभे राहिले. पट आणि पत्ते सजवणारा मायकेल वर्स्टलिन हा अठरा वर्षांचा बेकार चित्रकार होता. त्याला मोबदल्यात पाच भाग देण्यात आले.

१९८१ मध्ये पहिले ११०० संच तयार झाले. एका संचाला खर्च आला ७५ डॉलर, आणि दुकानदारांना तो विकला १५ डॉलरला. म्हणजे प्रत्येक संचामागे ६० डॉलर तोटा, तोही ठरवून. सगळे ११०० संच विकले गेले तर ६६,००० डॉलर जाणार, म्हणजे भागीदारांनी घातलेल्या सगळ्या रकमेपेक्षा जास्त. पण या मंडळींना एक गोष्ट कळली होती. पहिली आवृत्ती हा धंदा नव्हे, ती जाहिरात आहे. हजारो प्रश्नपत्रिकांची जुळणी, छपाईची तयारी, पटाचे साचे हा सगळा एकदाच होणारा खर्च ११०० डब्यांवर विभागला की डबा ७५ डॉलरचा होतो. तोच लाखो डब्यांवर विभागला की नगण्य होतो. प्रश्न एवढाच होता की ११०० पासून लाखापर्यंतचं अंतर कोणाच्या पैशाने काटायचं.

१९८२ च्या खेळणी-प्रदर्शनांत जेमतेम मागणी आली. पुढे अमेरिकेत हा खेळ घेतला तो पुन्हा सेल्चो अँड रायटरनेच. १९८४ या एका वर्षात उत्तर अमेरिकेत त्याचे सुमारे दोन कोटी संच खपले. २००८ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने त्याचे सगळे हक्क आठ कोटी अमेरिकन डॉलरला घेतले. वर्स्टलिनच्या पाच भागांचं सोनं झालं, आणि त्या ३२ जणांचंही.

इथे मला महत्त्वाचा वाटतो तो या पैशाचा प्रकार. त्या ३२ जणांनी खेळ विकत घेतला नव्हता, खेळातला वाटा घेतला होता. पैसे बुडू शकतात हे त्यांना ठाऊक होतं. बुडाले असते तर बुडाले असते, आणि तरले तर नफ्यात वाटा ठरलेला होता. जोखीम आणि फळ एकाच हातात होतं.

आगाऊ ग्राहक

पैसा उभा करण्याचा तिसरा मार्ग आपल्या वाचकांना चांगला परिचित आहे: वस्तू तयार होण्याआधीच तिची किंमत गोळा करायची. मराठीत मोठमोठे ग्रंथ प्रकाशनपूर्व सवलतीवर निघाले आहेत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी २३ खंडांच्या ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढून भाग विकले आणि शिवाय वर्गणीदारही मिळवत हिंडले. ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात त्यांनी त्या मंडळाचा इतिहास लिहून ठेवला आहे. एवढा मोठा ज्ञानव्यवहार कोणत्या पायावर उभा होता, हे समजून घ्यायचं तर ते पुस्तक वाचावं. भागीदार वेगळा आणि वर्गणीदार वेगळा, हा फरक केतकरांच्या रचनेत मुळातच होता. एकाने धंद्यात पैसे घातले होते, दुसऱ्याने ग्रंथासाठी.

२८ एप्रिल २००९ रोजी अमेरिकेत ‘किकस्टार्टर’ सुरू झालं आणि या दोन भूमिकांची सरमिसळ व्हायला लागली. पद्धत सोपी आहे. किती रक्कम हवी ते जाहीर करायचं, मुदत द्यायची. तेवढी रक्कम जमली तर पैसे मिळतात, नाही जमली तर कोणाकडूनही काही कापलं जात नाही. ब्रुनोंना जे तीन वर्षांत कळलं नाही ते इथे महिन्याभरात कळतं: किती लोकांना हा खेळ हवा आहे? या पद्धतीची ही खरी देणगी आहे आणि ती लहान नाही. माझ्या ८६ डब्यांसाठी मी तिचं मोल जाणतो.

खेळवाल्यांनी ही संधी लवकर ओळखली. २०१० मध्ये ‘एलियन फ्रंटियर्स’ नावाच्या खेळाला सुमारे १५ हजार डॉलर मिळाले, तेव्हा ती बातमी होती. २०१२ मध्ये ‘झोंबिसाइड’ने पावणेआठ लाखांच्या वर मजल मारली. २०१५ मध्ये ‘एक्स्प्लोडिंग किटन्स’ या पत्त्यांच्या खेळाला २,१९,३८२ लोकांनी सुमारे ८८ लाख डॉलर दिले. त्याने मागितले होते फक्त दहा हजार. २०२० मध्ये ‘फ्रॉस्टहेवन’ने जवळपास एक कोटी तीस लाख डॉलर जमवले. आपल्याकडूनही २०१९ मध्ये मुंबईच्या मेमेसिस कल्चर लॅबने ‘शासन’ हा राजकारणावरचा खेळ याच मार्गाने काढला. किकस्टार्टरवर प्रकल्प मांडता येणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही. इथल्या माणसाला परदेशातल्या व्यवस्थेमार्फतच तिथे जावं लागतं. तरीही तो खेळ जगभर गेला.

असे आकडे वाचले की कोणालाही वाटेल, पैशाचा पाऊस पडतो आहे. आता तो पाऊस कुठे मुरतो ते पाहू.

पन्नास हजार कुठे जातात

खाली एक कल्पित उदाहरण मांडतो. आकडे माझे आहेत, पण प्रमाणं या व्यवसायात चालतात त्या बेताची आहेत. एका खेळाला १००० लोकांनी प्रत्येकी ५० डॉलर दिले. जमले ५०,०००. किकस्टार्टरचे ५ टक्के, म्हणजे २,५००. पैसे कार्डावरून वळते करण्याचे ३ टक्के आणि प्रत्येक व्यवहारामागे २० सेंट, म्हणजे १,७००. हातात राहिले ४५,८००.

चीनमधले कारखाने सहसा पाचशे ते दीडहजार संचांपेक्षा कमी काम घेत नाहीत. १५०० संच १२ डॉलर दराने केले: १८,०००. चित्रं आणि मांडणी ८,०००. जहाजभाडं आणि बंदरावरचे खर्च ३,०००. घरपोच टपाल १००० जणांना १२ डॉलर दराने १२,०००. जाहिरात ४,०००. बेरीज ४५,०००. शिल्लक ८०० डॉलर, आणि दोन वर्षं राबलेल्या माणसाची मजुरी अजून धरलेलीच नाही.

नफा आहे तो गोदामात पडलेल्या ५०० संचांत. ते वितरकाला छापील किमतीच्या ४० टक्क्यांत, म्हणजे २० डॉलरला दिले तर १०,००० डॉलर येतील. पण ते खपले तर. म्हणजे इतका खटाटोप करून माणूस पुन्हा ब्रुनोंच्याच जागी उभा राहतो. आगाऊ पैशाने पहिला तोटा भरून निघाला, एवढंच.

अडचण अशी की आगाऊ घेतलेली किंमत वाढवता येत नाही. आज पैसे घेतले आणि माल दीड वर्षाने द्यायचा. मधल्या काळात जग बदललं तर? २०२१ मध्ये ते बदललं. करोनापूर्वी चीनहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एक मोठा कंटेनर दोन हजार डॉलरांच्या आत जात असे. २०२१ च्या सप्टेंबरात हा भाव वीस हजारांवर गेला. वरच्या उदाहरणात जहाजभाडं नुसतं चौपट करा, ३,००० चे १२,००० होतील. शिल्लक ८०० होती, आता ८,२०० चा खड्डा. काहींनी तो पदरमोड करून भरला. युरोपातल्या एका मोठ्या कंपनीने २०२२ मध्ये वर्गणीदारांकडेच जास्तीचे पैसे मागितले. ज्यांनी पूर्ण किंमत आधीच भरली होती, त्यांना पुन्हा पैसे भरा किंवा वाट पाहा, असं सांगण्यात आलं.

एप्रिल २०२५ मध्ये दुसरा धक्का बसला. अमेरिकेने चिनी मालावरचं नवं शुल्क १४५ टक्क्यांवर नेलं. त्याआधी बोर्ड गेमवर शुल्कच नव्हतं. आपल्या उदाहरणातला सगळा माल अमेरिकेत उतरला असता तर १८,००० डॉलरांच्या मालावर २६,१०० डॉलर शुल्क बसलं असतं. मे महिन्यात दर ३० टक्क्यांवर आला, तरी ५,४०० झालेच. ‘सायथ’ हा गाजलेला खेळ काढणारी स्टोनमायर गेम्स कंपनी या शुल्काविरुद्ध न्यायालयात गेली. ही कंपनी किकस्टार्टरवरच वाढली, आणि ‘सायथ’ला अठरा लाख डॉलर मिळाल्यानंतर तिने तो मार्ग सोडला. तिचे प्रमुख जेमी स्टेगमायर यांनी लोकवर्गणी कशी उभारावी यावर पुस्तक लिहिलं आहे. ज्याला ती विद्या सर्वांत चांगली अवगत होती, तोच तिच्यातून बाहेर पडला, याची मी वहीत नोंद केली आहे.

तोटा कोणाचा?

२०१२ मध्ये ‘द डूम दॅट केम टू अटलांटिक सिटी’ या खेळासाठी एका उद्योजकाने ३५,००० डॉलर मागितले. मोनोपॉलीची टर उडवणारा हा खेळ होता. १,२४६ लोकांनी १,२२,००० डॉलरांहून अधिक दिले. चौदा महिन्यांनी खेळ रद्द झाल्याचं जाहीर झालं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. क्राउडफंडिंगसंबंधी त्या आयोगाची ही पहिली कारवाई. गोळा केलेल्या पैशांतला बराचसा भाग घरभाडं, स्थलांतर आणि दुसऱ्याच कामांवर खर्च झाला, असा आरोप होता. १,११,७९३ डॉलरांचा निवाडा झाला, आणि भरण्याची ऐपत नाही म्हणून तो स्थगित ठेवण्यात आला. मधल्या काळात क्रिप्टोझोइक या दुसऱ्या कंपनीने तो खेळ स्वतःच्या खर्चाने छापून वर्गणीदारांना दिला. हा तिचा चांगुलपणा होता, वर्गणीदारांचा हक्क नव्हे.

ही फसवणुकीची गोष्ट झाली. अशी माणसं थोडी असतात. जास्त असतात ती माझ्यासारखी, ज्यांना टपालखर्च धरायचं सुचत नाही. पण वर्गणीदाराच्या बाजूने पाहिलं तर दोन्हींत फरक थोडाच. माँट्रियलच्या ३२ जणांनी जोखीम घेतली आणि त्यांना वाटा मिळाला. या १,२४६ जणांनीही जोखीम घेतली, पण खेळाचे दोन कोटी संच खपले असते तरी त्यांना एकेक डबाच मिळायचा होता. किकस्टार्टरने २०१२ मध्येच ‘आम्ही दुकान नाही’ असं बजावून सांगितलं. बरोबर आहे. पण ते शेअर बाजारही नाही. मग पैसे देणारा माणूस आहे तरी कोण? ग्राहक म्हणावं तर मालाची हमी नाही, भागीदार म्हणावं तर नफ्यात वाटा नाही. आश्रयदाता म्हणता येईल, पण आपण आश्रय देत आहोत हे त्याला कोणी स्पष्ट सांगत नाही.

म्हणून लोकवर्गणी वाईट, असं मी म्हणणार नाही. मॅगीबाईंना असे हजार आश्रयदाते मिळाले असते तर ५०० डॉलरवर त्यांची बोळवण झाली नसती. माझं म्हणणं साधं आहे. जो तोटा सोसणार, त्याला हिशेब आधी दिसला पाहिजे. छपाई किती, टपाल किती, भाडं दुप्पट झालं तर काय करणार, हे पैसे घेण्यापूर्वी लिहून द्यावं. काही खेळवाले आता तसं करतातही, आणि टपालखर्च माल निघताना वेगळा घेतात. जास्त पैसे कमावण्याची ही युक्ती नव्हे. ज्याच्या खांद्यावर ओझं ठेवायचं, त्याला वजन सांगण्याची ही रीत आहे.

माझ्या १६३ वर्गणीदारांना डबे मिळाले, पण हिशेब मिळाला नाही. काही वर्षांनी त्यांतले एक निवृत्त गुरुजी एस.टी. स्टँडवर भेटले. खेळ नातवंडांनी खेळून खेळून फाडला म्हणाले. “दुसरा भाग कधी काढताय? पैसे आत्ताच देतो,” असं म्हणून त्यांनी खिशात हातही घातला. मी “बघू या, गुरुजी” म्हणून वेळ मारून नेली. तोट्याचं बोललो नाही, लाज वाटली. बोललो असतो तर कदाचित त्यांनी तेवढं वजन आनंदाने उचललं असतं. कदाचित खिशातला हात काढूनही घेतला असता. दोन्हींचा त्यांना अधिकार होता.

तो हिशेब या लेखाच्या सुरुवातीला दिला आहे. अठ्ठावीस वर्षं उशीर झाला.